वेड अँड बुचरला निळी मूठ: आवड की नासाडी?

गंजशत्रू
काल इथे एकाने फोटो टाकले. इंग्लंडमधल्या शेफिल्डचा जुना वेड अँड बुचर कंपनीचा वस्तरा, सात-अष्टमांश इंची पातं. काळी शिंगाची मूठ काढून निळ्या चमचमत्या रेझिनची बसवलेली, पातं बफ मारून आरसा केलेलं. खाली ओळ: 'वस्तरा माझा, आवड माझी, जुनेपणाच्या पोलिसांनी लांब राहावं.' आणि त्यावर वाहवांचा पाऊस. म्हणून हे लांबलचक.

मुठीवर नंतर येतो. आधी पातं झूम करून बघा. टँगवरच्या (पात्यामागच्या दांडीवरच्या) शिक्क्यातला 'वेड' दिसतो, 'बुचर' अर्धा पुसलाय. पोकळ घासणी (पात्याच्या बाजूंचा आत वळलेला बाक) संपून टँग सुरू होतो ती खांद्याची कड साबणाच्या वडीसारखी गोल झालीय. सगळ्यात वाईट म्हणजे पाठ. धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात, म्हणजे धारेचा कोन पाठीच्या जाडीवर ठरतो. रुंदी २२ मिमी, पाठ ६.४ मिमी, तर कोन साधारण पावणेसतरा अंश. गंजाचे खड्डे घालवायला पाठ दोन्ही बाजूंनी फक्त ०.३ मिमी उतरवली तरी कोन १५ अंशांवर येतो. अशी धार दगडावर छान लागते आणि दाढीच्या खुंटांवर चुरते. ही आवड नव्हे, नासाडी आहे.

रेझिनराव
फोटो माझाच, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

शेफिल्डमध्ये पातं ठोकणारा वेगळा, घासणारा वेगळा आणि मूठ बसवून वस्तरा जुळवणारा वेगळा. तेच पातं शिंगात, हस्तिदंतात, कासवाच्या कवचात, ज्याचा जसा खिसा तसं मिळायचं. मूठ तेव्हाही गिऱ्हाइकाच्याच आवडीची होती. आता गिऱ्हाईक मी आहे.

आरसा पॉलिश हे आजकालचं फॅड नाही. चांगल्या शेफिल्ड पात्यांवर शेवटचा हात क्रोकसचा, म्हणजे आयर्न ऑक्साइडच्या तांबड्या पुडीचा असायचा. काळवंडलेला थर मूळ नाही, तो दीडशे वर्षांचा आळस आहे. त्याला 'पॅटिना' म्हटलं की किंमत वाढते एवढंच.

राहिला कोन. पाठीवर ०.१५ मिमीच्या विजेच्या टेपचे दोन थर लावा, ०.३ मिमी भरून निघाले. झालं?

गंजशत्रू
झालं कसं? टेप दगडावर झिजतो. दर दगडाला बदलावा लागतो, हजार नंबरच्या दगडावर तर मध्येच. एकदा विसरलात की धारेऐवजी मागचा भाग घासला जातो आणि कोन पहिल्यापासून बसवत बसा. चांगल्या वस्तऱ्याला जन्माची कुबडी दिलीत.

क्रोकस होता, मान्य. पण तो कडक चाकावर ताणलेल्या चामड्यावर, घासणाऱ्याने सोडलेल्या कडा सांभाळून. तुमचं बफ सैल कापडाचं. ते खड्ड्यात शिरतं, कडेवर वळतं आणि शिक्का आधी खातं. दोन्हींना एकाच तागडीत घालू नका.

घासूनपुसून
कसं करायचं ते कुणीच सांगत नाही, नुसती भांडणं.

वॉटरपेपर ४००, ६००, १०००, २०००. पेपर बोटावर नाही, कॉर्कच्या तुकड्यावर गुंडाळायचा, आणि कॉर्कला पात्याच्या पोकळीचाच बाक द्यायचा. दर नंबरला दिशा बदला. आधीच्या नंबरचे ओरखडे एकूण एक गेल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण ४०० ची एक रेघ राहिली तर ती २००० नंतरच दिसते. शिक्क्याच्या आसपास १००० च्या खाली उतरायचंच नाही, सपाट पट्टीवर पेपर धरून चार हात, बास. काळे खड्डे राहू द्या. धारेपर्यंत पोचत नसतील तर ते काहीही बिघडवत नाहीत. सोनेरी मुलामा असेल तर पॉलिशचा हातही नको, एका फडक्यात सोनं गायब होतं.

बफचं मोटारीचं चाक वापरायचंच असेल तर पातं उघड्या हातात धरा, चटका बसला की पाण्यात. पिवळट छटा आली म्हणजे पोलाद २२० अंशांच्या पुढे गेलं, निळी म्हणजे ३०० च्या आसपास. धारेशी निळं झालेलं पातं शोकेसमध्ये ठेवायचं, गालावर नाही. आणि हो, आधी धार मोडून घ्या. चाकाने पातं हिसकावलं तर ते तुमच्याकडेच येतं.

कापूरवास
अस्सलपणाच्या भक्तांना एक प्रश्न. मूठ सेल्युलॉइडची (कापूर घातलेल्या जुन्या प्लॅस्टिकची) असेल आणि सडायला लागली असेल तर? कापराचा वास जाऊन आंबूस झणका येतो, मुठीला जाळीदार तडे जातात आणि पात्याच्या मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावरच गंज चढतो. त्यातून निघणारं आम्ल पेटीतल्या शेजारच्या वस्तऱ्यांनाही खातं. तिथेही 'मूळ आहे, राहू दे'? आणि ती काढताना मोटारीच्या चाकाने गरम करू नका, सेल्युलॉइड भपकन पेटतं.

गंजशत्रू
सडलेली मूठ काढावीच लागते, त्यात वाद नाही. रेझिनरावांची शिंगाची मूठ सडली नव्हती. सुकलेल्या शिंगाला आठवडाभर नीट्सफूट तेलात ठेवलं असतं तर पुरलं असतं.

पाचर
सगळे मुठीच्या रंगावर भांडताय, पाचर कुणी बघितली का? जुन्या शिंगाच्या मुठीत शेपटाकडे, दोन पाकळ्यांच्या मधे, बहुतेकदा शिशाची पाचर असते, इथे पांढरं ॲक्रिलिक आहे! शिशाची घनता ११.३, ॲक्रिलिकची १.२. मागचं वजनच गेलं, आता उघडलेला वस्तरा पात्याकडे झुकणार.

पाचर म्हणजे नुसतं भरताड नव्हे. बाहेरच्या टोकाला जाड, पातं ज्या पिनेवर फिरतं तिच्याकडे पातळ होत गेलेली. जाड झाली तर मूठ फाकते आणि पातं सैल लोंबतं. पातळ झाली तर मूठ मिटते आणि धार आतून घासते. डावी-उजवी सारखी नसेल तर पातं दरवेळी एकाच बाजूला आपटणार, मग पिन कितीही ठोका.

धूळभेट
शिशाचा एवढा उमाळा? घरात लहान मुलं असताना लोक कोरड्या पॉलिशपेपरने पाचर घासतात, ती धूळ फुंकर मारून उडवतात आणि त्याच हाताने चहा घेतात. ॲक्रिलिक लावलं ते शहाणपणाचं केलं.

पाचर
शिशाची एवढी धास्ती असेल तर जुन्या वस्तऱ्यांच्या वाटेला जाऊच नका. कोपऱ्यावरच्या दुकानात ब्लेडचं पाकीट मिळतं.

धूळभेट
वैयक्तिक होऊ नका. शिसं विषारी आहे हे तुमच्या अस्सलपणाने बदलत नाही. लाकडी पेटीत, विशेषतः ओकच्या, ठेवलेल्या वस्तऱ्यांच्या पाचरीवर पांढरी भुकटी धरलेली बघितली नसेल तर बघा. लाकडातल्या आम्लाने शिसं गंजतं, त्याची ती भुकटी. आणि लोक ती ब्रशने झाडतात!

घासूनपुसून
दोघांचंही पन्नास टक्के. मूळ पाचर जागेवर असेल तर तिला हातच लावू नका. भुकटी ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या. नवीन करायची असेल तर शिसं कानशीने उतरवा, त्याचा कीस पडतो, धूळ जवळजवळ नाही. पॉलिशपेपर शिशाला लावायचाच नाही.

रेझिनराव
माझ्या वस्तऱ्यावर माझ्याशिवाय सगळे बोलतायत, छान. आता पाचर बदलायची तर तिची पिन काढावी लागेल. पिनेच्या डोक्याच्या मधोमध खूण करून १ मिमीच्या ड्रिलने पोखरायचं, बरोबर? की तेही पाप?

गंजशत्रू
पाप नाही. डोकं कानशीने उतरवलं तरी चालतं, वॉशरखाली जाड कागद सरकवा म्हणजे मुठीवर ओरखडे नाहीत. नंतर १.५ मिमीच्या सुंब्याने उलट बाजूने बाहेर, उचकटायचं नाही. नवी पिन १.६ मिमी जर्मन सिल्व्हरची, वॉशरच्या वर ०.८ मिमी ठेवून कापा. जास्त ठेवलीत तर भोकात वाकते. शंभर ग्रॅमच्या गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टिचक्या, एकदाच दणका नाही. शिंग पिनेपाशीच तडकतं, तुमच्या रेझिनला मात्र काही होणार नाही. एवढा एक गुण त्याला द्यावा लागेल.

रेझिनराव
उपकार झाले. पुढचं पातं कॉर्कवरच घासेन, तुमच्या धाकाने नाही, शिक्का महाग असतो म्हणून. मूठ मात्र केशरी.

पाचर
केशरी करा, पोपटी करा. पाचर शिशाची.

धूळभेट
पितळेची. घनता साडेआठच्या आसपास, तोल बऱ्यापैकी सांभाळते, कानस चालते आणि विषाची भानगड नाही.

पाचर
पितळ हिरवं पडतं.

धूळभेट
मग पुसा की!