माफी मिळाली तरी भरपाई उरते

'पापनिवेदन केलं (म्हणजे फादरपुढे पापांची कबुली दिली) की कॅथलिक माणूस मोकळा, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच' असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. तसं वागणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण चर्चची शिकवण ती नाही. पापक्षमेने पाप जातं, त्याने झालेलं नुकसान जात नाही. चोरलेलं परत करणं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव सावरणं हे उरतंच. एकोणिसाव्या वर्षी मी काकांच्या दुकानाच्या गल्ल्यातून तीन-चार महिने थोडे थोडे पैसे उचलले होते. पापनिवेदनात सांगितलं. फादर रागावले नाहीत, फक्त विचारलं, "परत कधी देणार?" पावसाळाभर शिकवण्या घेऊन फेडले. काकांनी मला जवळ घेतलं, पण गल्ल्याची चावी पुढची दोन वर्षं दिली नाही. ते योग्यच होतं.

बायबलमधल्या दावीद राजाची गोष्ट इथे कुणी काढली नाही. आपल्याच सैन्यातल्या उरीयाला मारवून त्याची बायको बथशेबा हिला घेतल्यावर नाथान संदेष्टा त्याला जाब विचारतो. बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात कबुली आणि क्षमा एकाच वचनात येतात, आणि लगेच पुढच्या वचनात त्या दोघांना झालेलं मूल मरेल असं सांगितलं जातं. राज्य टिकलं, त्याच बथशेबेच्या पोटी पुढचा राजा शलमोन आला, पण दावीदाचाच मुलगा अबशालोम याचं बंडही त्याच घरातून उठलं. त्या निरपराध बाळाचं काय, हा प्रश्न मात्र मला अजून छळतो.