लीज्ड लाइनीचं कार्ड ते डोंगल: लिनक्स-बीएसडीवर तुम्ही काय काय जोडलंत? (अनुभव धागा)

आता घरी फायबर येतं, भिंतीवरच्या डब्यात सगळं उरकतं आणि संगणकाला नुसतं इथरनेट किंवा वायफाय दिसतं. पण बरीच वर्षं बाहेरची लाइन थेट संगणकाच्या पोटात घ्यायची रीत होती. नावाजलेला राउटर परवडायचा नाही, मग जुन्या पेन्टियममध्ये एक वॅन कार्ड (बाहेरची लाइन घेणारं), एक लॅन कार्ड आणि वर लिनक्स टाकलं की ऑफिसचा राउटर तयार. कार्ड कुठूनही मिळायचं, घोडं अडायचं ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी.

म्हणून हा धागा. लाइन कुठली, कार्ड कुठलं, ड्रायव्हर कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यातच) होता की बाहेरून आणून कंपाइल केलात, आणि पुढे कर्नल बदलल्यावर त्याचं काय झालं, ते लिहा. 'विंडोजवर आपोआप झालं असतं' हे सगळ्यांना माहीत आहे, ते लिहू नका. कंपन्यांची नावं घेऊन शिव्याही नकोत.

सुरुवात मीच करतो. पुण्याजवळच्या एका कारखान्यात ६४ केबीपीएसची लीज्ड लाइन (भाड्यानं घेतलेली, कायम जोडलेली) होती. भिंतीवर मोडेम, त्यातून व्ही.३५ ची ती जाडजूड केबल आणि संगणकात सांगोमाचं एस५१४ कार्ड. सांगोमा ही कॅनडाची कंपनी, त्यांच्या ड्रायव्हरचं नाव वॅनपाइप. लिनक्सबरोबर फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या तसल्याच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमांनाही चालायचा. 'वॅनसीएफजी' नावाचा निळ्या पडद्यावरचा मेनू होता, त्यात आयपी, प्रोटोकॉल आणि घड्याळ भरायचं. हे घड्याळ महत्त्वाचं. अशा लाइनीवर बिट कधी वाचायचा हे मोडेम ठरवतो, म्हणून कार्डाला 'एक्स्टर्नल' सांगायचं.

दुसरी गोम पलीकडच्या टोकाला. तिथे सिस्कोचा राउटर होता आणि त्याच्या सिरियल पोर्टवर काही सांगितलं नाही तर तो स्वतःच्या पद्धतीचं एचडीएलसी (लाइनीवर डेटा बांधून पाठवायचा प्रोटोकॉल) बोलतो. इकडे पीपीपी हा दुसरा प्रोटोकॉल ठेवला तर लाइन वर दिसते, दिवे हिरवे, पण पिंग काही जात नाही. फोनवरून पलीकडच्या माणसाला 'तुमच्याकडे एन्कॅप्सुलेशन काय आहे' हे विचारून घेतलं की निम्मं काम व्हायचं. तो माणूस जागेवर सापडणं हे उरलेलं निम्मं.

ठाणे, तेव्हा कॉल सेंटरमध्ये:

आमच्याकडे डेटा नव्हता, आवाज होता. ई१ पीआरआय लाइन, डिजियमचं कार्ड, अ‍ॅस्टेरिस्क (फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) आणि झॅपटेल ड्रायव्हर. (२००८ मध्ये झॅपटेलचं नाव दादी झालं. 'दादी बसली', 'दादीला रीस्टार्ट कर' यावरचे विनोद आमच्या मजल्यावर पुढे कित्येक वर्षं चालू होते.)

ई१ म्हणजे २.०४८ एमबीपीएस, ३२ टाइमस्लॉट. शून्यावा स्लॉट फ्रेमिंगला (फ्रेमची सुरुवात ओळखायला), सोळावा सिग्नलिंगला (कॉल लावायला-तोडायला), राहिले ३० कॉल. अमेरिकेतला टी१ वेगळा, १.५४४ एमबीपीएस आणि २४ चॅनल. नेटवरची बहुतेक उदाहरणं टी१ ची असायची. ती जशीच्या तशी उतरवली की कार्डाचा दिवा लालच. आपल्याकडे सीसीएस (सिग्नलिंगची पद्धत), एचडीबी३ (तारेवर बिट पाठवायची पद्धत) आणि टेलिफोन कंपनी म्हणेल तर सीआरसी४ (चुका तपासायची सोय).

मूळ पोस्टमधलं घड्याळ इथेही आलंच. ड्रायव्हरच्या कॉन्फिगमध्ये स्पॅनच्या, म्हणजे त्या लाइनीच्या, ओळीतला दुसरा आकडा १ ठेवला तर घड्याळ लाइनीकडून घेतलं जातं, ० ठेवला तर कार्ड स्वतःचं चालवतं. शून्यावर ठेवलं तरी कॉल लागतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण दोन्हीकडची घड्याळं किंचित वेगळी पळतात, अधूनमधून एखादी फ्रेम सांडते. बोलताना नुसतं 'टक्' ऐकू येतं, फॅक्स मात्र निम्म्यात मरतो. आवाजाची तक्रार नाही आणि फॅक्सची आहे, असं कुणी म्हणालं की मी आधी ती ओळ बघायचो.

इंटरप्ट हा वेगळा छळ. ते कार्ड सेकंदाला १००० इंटरप्ट (सीपीयूला हाका) मारतं. तीच आयआरक्यू (इंटरप्टची लाइन) हार्डडिस्क किंवा लॅन कार्डाबरोबर वाटून घेतली असेल तर रात्री बॅकअप सुरू झाला की आवाज फाटायचा. उपाय एकच, पेटी उघडून कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवायचं आणि आयआरक्यूची यादी परत बघायची.

कर्नलचं विचारलंत म्हणून सांगतो. ड्रायव्हर बाहेरून कंपाइल केलेला. रात्रपाळीतल्या कुणीतरी 'यम अपडेट' (सगळी सिस्टिम अद्ययावत करायची कमांड) मारून मशीन रीबूट केलं. नवा कर्नल आला, त्याच्यासाठीचं मॉड्यूल कुणी बनवलेलंच नव्हतं. सकाळी सगळा मजला हेडफोन लावून तयार आणि डायल टोन नाही. तेव्हापासून यमच्या कॉन्फिगमध्ये कर्नल वगळायची ओळ टाकली. डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बनवणारं) पुढे आलं आमच्याकडे, तोवर ती ओळच तारणहार.

कोल्हापूर:

आयएसडीएन (टेलिफोनची डिजिटल लाइन) कुणाला आठवतं का? ६४ केबीपीएसचे दोन बी चॅनल, सिग्नलिंगला एक डी चॅनल. लिनक्समध्ये आयएसडीएन४लिनक्स आणि त्यातला हायसॅक्स ड्रायव्हर, दोन्ही कर्नलमध्येच. कार्ड लावलं की ओळखलं जायचं, तक्रार शून्य. तक्रार बिलाची. मागणी आली की आपोआप डायल करायची सोय होती, आणि ऑफिसमधली विंडोज मशिन्स रात्रभर एकमेकांची नावं विचारत बसायची. त्यातला एखादा प्रश्न बाहेरच्या डीएनएसकडे निघाला की लाइन उचलली जायची. दोन्ही बी चॅनल जोडले तर दोन कॉलचं बिल. शेवटी विंडोजच्या या नाव-विचारणीची १३७ ते १३९ ही पोर्टं फायरवॉलला अडवली तेव्हा महिन्याचं बिल माणसात आलं.

नागपूर:

डायलअपवाल्यांनी इकडे लक्ष द्या. संगणकाबरोबर फुकट आलेलं मोडेम कार्ड म्हणजे विनमोडेम. त्यात निम्मं मोडेम असायचं, उरलेलं काम विंडोजच्या ड्रायव्हरनं सीपीयूकडून करून घ्यायचं. लिनक्ससाठी एका चिपचा ड्रायव्हर मिळाला, पण फुकटच्या आवृत्तीत वेग १४.४ ला बांधलेला, पुढचं पैसे भरून. त्यापेक्षा सिरियल पोर्टला लावायचा बाहेरचा मोडेम घेतला. त्याला ड्रायव्हर लागतच नाही, एटी कमांड (मोडेमला द्यायच्या ठराविक आज्ञा) समजल्या की झालं.

सावंतवाडी:

आमच्या गावात ब्रॉडबँड फार उशिरा आलं, त्यामुळे माझा सगळा अनुभव डोंगलचा. उबुंटूवर डोंगल लावला की सीडी ड्राइव्ह उगवायचा! त्यात विंडोजचं सॉफ्टवेअर भरलेलं. मोडेम आत दडलेला, आणि तो बाहेर काढायला विंडोजचा ड्रायव्हर डोंगलला एक ठराविक संदेश पाठवायचा. लिनक्सवर तो संदेश पाठवायला यूएसबी-मोडस्विच आलं. एलएसयूएसबीमध्ये (यूएसबीला काय काय जोडलंय ती यादी) आधी दोन भागांचा एक आकडा दिसायचा, मोडस्विच चाललं की पहिला अर्धा (माझ्या डोंगलचा १२डी१) तोच राहून दुसरा बदलायचा. तो बदलला की टीटीवाययूएसबी० (मोडेमचं पोर्ट) हजर. मोडस्विच येण्याआधी काही डोंगल नुसतं 'इजेक्ट' केलं तरी वठणीवर यायचे.

ड्रायव्हरचं नाव 'ऑप्शन'. मला वाटायचं पर्याय वगैरे असेल. ते ऑप्शन नावाच्या बेल्जियमच्या कंपनीच्या कार्डांसाठी लिहिलेलं, पुढे बाकीच्यांचे डोंगलही त्यातच आले.

मग डब्ल्यूव्हीडायल, डायल करून नेट जोडणारा प्रोग्रॅम. जीएसएमला *९९#, सीडीएमएला #७७७. आणि ती अजरामर ओळ, 'स्टुपिड मोड = १'. ही घातली की डब्ल्यूव्हीडायल समोरच्या लॉगिन प्रॉम्प्टची वाट न बघता थेट पीपीपी सुरू करतं. माझ्या फाइलीत ती ओळ बघून धाकटी बहीण म्हणाली, दादा, हा तुझ्यासाठी आहे का?

रेंज बघायला एटी+सीएसक्यू. ० ते ३१ मध्ये उत्तर येतं, ९९ आलं तर त्यालाच माहीत नाही. पावसाळ्यात घरात ७-८, माळ्यावर १५. म्हणून यूएसबीची एक्स्टेन्शन केबल कौलाखालून ओढून डोंगल वाशाला बांधला होता.

पुणे, ओपनबीएसडीवाला:

सांगोमाच्या ई१ कार्डांचा 'सॅन' ड्रायव्हर आमच्या मूळ सोर्समध्ये होता, पुढे काढला. 'कर्नलमध्ये असलं की कायमचं' असं वाटणाऱ्यांनी हे बघावं. कोल्हापूरकरांचं आयएसडीएन४लिनक्ससुद्धा लिनक्स ५.३ ला गेलं. कार्डच कुणाकडे उरलं नाही की तपासणार कोण?

पण ४जी कार्डांसाठी ओपनबीएसडी ६.० पासून 'यूएमबी' आहे. एमबीआयएम (मोबाइल कार्डांशी बोलायचा प्रोटोकॉल) बोलणारं कार्ड, आयएफकॉन्फिग या नेटवर्कच्या कमांडच्या एका ओळीत पिन आणि एपीएन (मोबाइल कंपनीच्या नेट-जोडणीचं नाव), बस्स. मोडस्विच नको, स्टुपिड मोड नको.

न्यू जर्सी:

लॅपटॉपमधल्या सिमची गंमत. कार्ड दिसतं, मोडेममॅनेजर (लिनक्सवर मोडेम सांभाळणारा प्रोग्रॅम) ओळखतं, सिमही वाचतं, पण रेडिओ चालू होत नाही. हे एफसीसी लॉक (एफसीसी म्हणजे रेडिओ उपकरणांना मान्यता देणारी अमेरिकेची सरकारी संस्था). मान्यता लॅपटॉप आणि कार्ड या जोडीला मिळालेली असते, म्हणून लॅपटॉपकडून ठराविक कमांड येईपर्यंत कार्ड रेडिओ बंद ठेवतं. मोडेममॅनेजर पूर्वी काही कार्डांना ती कमांड आपणहून द्यायचं. १.१८.४ पासून ते थांबवलं. आता एफसीसी-अनलॉक.डी फोल्डरमध्ये आपल्या कार्डाच्या स्क्रिप्टची लिंक आपणच टाकायची.

दुसरं, कार्ड आतून पीसीआयईवर जोडलं जातं की यूएसबीवर हे विकत घेण्याआधी बघा. पीसीआयईवरची लिनक्समध्ये उशिरा आली. डब्ल्यूवॅन (वायरलेस वॅन) कार्डांसाठीची नवी सबसिस्टिम कर्नल ५.१३ मध्ये, इंटेलचा आयओएसएम ड्रायव्हर ५.१४ मध्ये, मीडियाटेकचा टी७एक्सएक्स ५.१९ मध्ये. जुन्या कर्नलवर यांपैकी काहीच नाही.

जळगाव:

वाचतोय, मजा येतेय. माझा अनुभव नाही, अडचण आहे. शेतावरच्या पंपाच्या खोलीत डेबियन लिनक्सचा छोटा संगणक आहे, त्यात एम.२ चं ४जी कार्ड यूएसबी अडॅप्टरमधून लावलंय. क्यूएमआय-डब्ल्यूवॅन हा यूएसबीवरच्या मोबाइल कार्डांचा ड्रायव्हर लागलाय, पण नेट येत नाही.

मूळ धागाकर्ता:

ड्रायव्हर लागलाय म्हणजे कर्नलचं काम झालं. आता 'एमएमसीएलआय -एम ०' (मोडेममॅनेजरची कमांड) चालवून स्टेट काय दिसतं ते इथे टाका. 'लॉक्ड' असेल तर सिमचा पिन राहिलाय. 'डिसेबल्ड' दिसत असेल आणि एनेबल करूनही रेडिओ उठत नसेल, तर वर न्यू जर्सीकरांनी सांगितलेली स्क्रिप्ट. 'रजिस्टर्ड' असेल तर फक्त एपीएन द्यायचा राहिलाय. आणि ते अडॅप्टर संगणकाच्या यूएसबीवरच चालतंय ना? ४जी कार्ड ट्रान्समिट करताना दमदार करंट ओढतं. अडॅप्टरला वेगळा सप्लाय नसेल तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) डिसकनेक्टच्या ओळी दिसतील, त्याही टाका.