मदत हवी आहे: आडवा बांगडा लांबुडका, उभा बांगडा जाडा, असं का होतंय?

नमस्कार मंडळी. इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलंय त्याबद्दल आधीच सॉरी.

मी मालवणजवळ राहते, कुडाळला डिजिटल इलस्ट्रेशनचा एक वर्षाचा कोर्स करतेय, रोज एसटीने जाऊन येऊन. सहा प्रोजेक्टपैकी तीन झाले, चौथ्यात अडकलेय. विषय असा की आपल्या भागातली एक जुनी चित्रपरंपरा घ्या आणि १२ चित्रांची मालिका करा. निम्म्या वर्गाने पिंगुळीची चित्रकथी घेतली. मी सावंतवाडीचा गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) घेतला कारण तिथे हिशोब आयताच जमत होता, दशावतारी गंजिफ्यात १० रंग म्हणजे एकेका अवताराचा एक, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी मिळून १२ पानं, सगळी मिळून १२०. मी फक्त मत्स्याचा रंग घेतलाय आणि मासा म्हणून बांगडा. एक्क्यावर एक, दुर्रीवर दोन, असं करत ५५ बांगडे होतात. आई मासळी बाजारात बसते त्यामुळे मॉडेल घरचंच, आणि चित्र झालं की त्याचं तिखलं.

आता घोळ सांगते. पानाची गोल कड मी टूलने काढली, ती बरोबर गोल आहे. पण मासे हाताने काढायचे आहेत (सर म्हणाले कॉपी-पेस्ट दिसला तर मार्क कापणार, जुन्या पानांवर दोन मासे कधी सेम नसतात) आणि आडवा बांगडा काढला की तो लांबुडका तारलीसारखा होतो, उभा काढला की जाडा, पापलेटाकडे झुकलेला. वहीत पेन्सिलने काढते तेव्हा व्यवस्थित येतात! पंजीवर चार कडेने आणि एक मधे असे मासे आहेत, ते पाच वेगळ्या जातीचे वाटतात. सरांनी "प्रपोर्शन सांभाळ" एवढंच लिहून परत दिलं. मला वाटायला लागलंय की हातच बिघडला.

दुसरं म्हणजे लॅपटॉप मरतो. ४ जीबी रॅम आहे, क्रिटा (चित्र काढायचं सॉफ्टवेअर) वापरते, सगळी १२ पानं एकाच ए३ फाइलमध्ये आहेत, ३०० डीपीआय. कुठेतरी वाचलं म्हणून रंगांसाठी १६ बिट ठेवलंय. ब्रश ओढला की रेघ दोन सेकंदांनी येते.

तिसरं, ट्रायल प्रिंट काढली तर पाठीचा निळा-हिरवा रंग पार मेलेला आला. आईने प्रिंट हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाली, "ह्यो बांगडो कालचो आसा गो." मी म्हटलं रंगामुळे का? तर म्हणे, "रंगाचा जांव दे, डोळो बघ तेचो." ते ऐकून मी अर्धा तास गप्प बसले होते.

पेनाने काढायचा ड्रॉइंग टॅब्लेट स्क्रीनवाला नाही, साधा ६ बाय ४ इंचाचा आहे. सोमवारी सबमिशन. प्लीज कोणीतरी सांगा.

रंगपेटी: आयपॅड घे, सगळे प्रॉब्लेम सुटतील.

धागाकर्ती: पैसे पण धाग्यातच मागू का? :)

खाडीपलीकडचा: अगं हात बिलकुल बिघडलेला नाही, उगाच घाबरू नकोस. तुझा टॅब्लेट ६ बाय ४, म्हणजे ३:२, आणि लॅपटॉपची स्क्रीन बहुतेक १६:९ असणार. ड्रायव्हर (टॅब्लेट लॅपटॉपला जोडणारं सॉफ्टवेअर) टॅब्लेटची पूर्ण पाटी पूर्ण स्क्रीनवर ताणून बसवतो. त्यामुळे हाताने केलेली प्रत्येक हालचाल आडव्यात साधारण १८ टक्के जास्त ताणली जाते. आडवा मासा लांब होतो, उभा मासा रुंद होतो, म्हणून एक तारली आणि एक पापलेट. खात्री करायची असेल तर टॅब्लेटवर वाटी उलटी ठेव आणि तिच्या कडेने पेन फिरव. स्क्रीनवर अंडं दिसलं की समजायचं.

ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये प्रपोर्शन किंवा ॲस्पेक्ट रेशो अशा नावाचा ऑप्शन असतो (कंपनीप्रमाणे नाव बदलतं), तो चालू कर. पाटीची साधारण १.६ सेंटीमीटरची पट्टी वाया जाईल, जाऊ दे. काढून झालेले मासे फेकू नकोस, ट्रान्सफॉर्ममध्ये फक्त रुंदी ८४ टक्के कर, उंचीला हात लावू नको. कॅनव्हास फिरवून काढले असतील तर मात्र आधी तेवढाच फिरव, मग कर.

रात्रपाळी: लॅपटॉपचं मी सांगतो. ए३ ला ३०० डीपीआय म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, ८ बिटमध्ये एक पूर्ण भरलेला लेयरच ७० एमबीच्या आसपास जातो, १६ बिटला त्याच्या दुप्पट. तुझे किती लेयर आहेत ते विचारतच नाही. प्रत्येक पानाची वेगळी फाइल कर, ८ बिट पुरेसं आहे. पान ९ सेमीचं धरलं तर १०६३ पिक्सेल चौरस, लेयरला ५ एमबी पण नाही. शेवटी सगळी एका शीटवर मांड.

आणि रंग, स्क्रीन आरजीबी (लाल-हिरवा-निळा प्रकाश) आणि छपाई सीएमवायके (चार रंगांची शाई), तो भडक निळा-हिरवा शाईत येतच नाही, कोणी कितीही चांगला प्रिंटवाला असू दे. क्रिटामध्ये कंट्रोल-वाय दाबलं की सॉफ्ट प्रूफिंग चालू होतं, छापल्यावर साधारण कसं दिसेल ते दिसतं. ते बघत रंग लाव. पाठ थोडी गडद आणि पोट मोकळं पांढरं ठेवलंस तर तोच निळा जास्त चमकेल. डोळ्याचं मात्र आईला विचार, त्यात आमचा अधिकार नाही.

धागाकर्ती: वाटी ठेवली. अंडं!! इतके महिने मी अंड्यावर शिकतेय.

अपडेट देते. सेटिंग बदलल्यावर पहिला तास हात वेडावाकडा चालला, कारण ताणलेल्याची सवय झाली होती, मग आला. जुने मासे ८४ टक्के करताना आधी अख्खा लेयर दाबला तर मांडणीच मधे गोळा झाली, म्हणून एकेक मासा वेगळा सिलेक्ट करून केला. पंजी आणि छक्की मी कॅनव्हास फिरवून काढलेल्या, किती फिरवला ते आठवेना, त्या नव्याने काढतेय. फाइल वेगळ्या केल्यावर ब्रश लगेच चालतो.

डोळ्याचं आईने टोपलीतले दोन बांगडे शेजारी ठेवून दाखवलं. ताज्याचा डोळा फुगीर आणि काचेसारखा, बुबुळ काळंभोर. शिळ्याचा आत गेलेला आणि दुधाळ. मी हायलाइट म्हणून बुबुळावर पांढरा मऊ ब्रश फिरवला होता, म्हणजे मन लावून शिळा मासा काढला होता. आता कडक कडेचा एकच छोटा ठिपका देतेय, बुबुळाच्या वरच्या बाजूला. सातव्या पानापर्यंत आलेय. राजा आणि प्रधान अजून कोरे आहेत, राजाच्या पानावर मत्स्यावतार मोठा घ्यावा की आजूबाजूला छोटे बांगडे पण ठेवावेत, यावर कोणाचं काही मत असेल तर आज रात्रीपर्यंत लिहा.