टीममधले चार जण काढले, त्यांचं काम माझ्यावर आलं आणि मॅनेजर ऐकूनच घेत नाहीत, काय करू?

कल्याणची_मी:
नमस्कार सगळ्यांना. मी ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, वेंडर पेमेंट, म्हणजे माल पुरवणाऱ्यांचे पैसे द्यायचं काम बघते. दोन महिन्यांपूर्वी ले-ऑफ झाले, नऊ जण होतो आता पाच उरलोय. ज्यांना काढलं त्यांना दुपारी केबिनमध्ये बोलावलं आणि संध्याकाळी लॅपटॉप जमा, हँडओव्हर असं काही झालंच नाही. माझ्या बाजूला बसणारी ताई सात वर्षं वेंडरचे रेको (त्यांचा हिशोब आपल्या हिशोबाशी जुळवणं) करायची, ते सगळं माझ्याकडे आलंय आणि कोणाचं बिल कशामुळे अडलंय हे तिच्या डोक्यात होतं, फाइलमध्ये नाही. वेंडर रोज मला फोन करून ओरडतात.

मॅनेजरना तीनदा सांगून झालं. आधी म्हणाले सगळेच ॲडजस्ट करतायत, परवा म्हणाले तुझी नोकरी टिकलीय ना मग. वॉशरूममध्ये जाऊन रडले मी. आधी सातच्या गाडीने निघायचे, आता दहा वाजतात, मग ठाण्याला गाडी बदलून कल्याण, घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असते. राजीनामा टाकावा असं रोज वाटतं पण घराचा हप्ता आहे. 4 वर्षं 7 महिने झालेत इथे. आणि हो, आधी एंट्री मी टाकायचे आणि ताई अप्रूव्ह करायची, आता दोन्ही राइट्स माझ्याच लॉगिनला दिलेत.

ठाण्याचा_अकाउंटवाला:
तुमच्या शेवटच्या वाक्याने मला जास्त काळजी वाटली. एंट्री टाकणारा (मेकर) आणि ती मंजूर करणारा (चेकर) एकच माणूस कधीच नसावा, ऑडिटवाले पहिलं तेच बघतात. उद्या कोणी वेंडरच्या नावाने खोटा मेल पाठवला की आमचं बँक खातं बदललंय, आणि रात्री साडेनऊला थकलेल्या डोळ्यांनी तुमच्याकडून पेमेंट गेलं, तर एंट्री पण तुमची आणि अप्रूव्हल पण तुमचं, तेव्हा मॅनेजर मध्ये पडणार नाहीत. आजच मेल टाका की अप्रूव्हल दुसऱ्या कोणाकडे द्या, आणि फायनान्स हेडना सीसीत ठेवा. ही तक्रार नाही, कंपनीचंच हित आहे, तसंच लिहा.

कामाचं म्हणाल तर "खूप काम आहे" हे वाक्य मॅनेजरला ऐकूच येत नाही, हे मी स्वतः टीम सांभाळतो म्हणून सांगतोय. एका शीटमध्ये प्रत्येक काम, आधी कोण करायचं, आठवड्याला किती तास लागतात एवढं लिहा आणि विचारा की यातलं या आठवड्यात कुठलं मागे ठेवू? टीडीएस (बिलातून कापलेला आयकर) 7 तारखेपर्यंत भरावाच लागतो, जीएसटीच्या रिटर्नची, जीएसटीआर-1 ची 11 आणि 3बी ची 20 तारीख आपल्यासाठी हलत नाही. छोट्या उद्योगांच्या (एमएसएमई) वेंडरचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायला लागतात, लेखी करार नसेल तर 15 दिवसांतच, नाहीतर आयकराच्या हिशोबात तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच धरता येतो. म्हणजे हे सोडता येणार नाही, मग सुटणार काय तर दर सोमवारचे रिपोर्ट आणि पीपीटी. ते त्यांच्या तोंडून वदवून घ्या आणि नंतर "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" म्हणून मेल करा.

चेंबूरकर_एचआर:
वरच्या दादांशी सहमत, फक्त एक, आधी समोरासमोर बोल मग मेल कर. थेट सीसी मारलेला मेल आला की माणूस हट्टाला पेटतो. राइट्सचा मेल मात्र लगेच जाऊ दे.

राजीनाम्याचं आत्ता मनातून काढ. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं धरतात, दर वर्षामागे ग्रॅच्युइटीसाठी धरलेल्या शेवटच्या पगाराचे 15 दिवस, महिना 26 दिवसांचा धरून. पाच महिन्यांसाठी ते घालवू नकोस, इंटरव्ह्यू द्यायला आत्तापासून सुरुवात कर. आणि तासांचं म्हणशील तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तासच आहेत, 2025 मध्ये दिवसाची मर्यादा 9 वरून 10 केली पण आठवड्याची तीच राहिली, वरच्या तासांना दुप्पट पगार. मॅनेजरच्या पदावर असलेल्यांना हे लागू नाही, तुझ्या हाताखाली कोणी नाही असं दिसतंय. लगेच भांडायला जा असं म्हणत नाही, पण आल्या-गेल्याची वेळ रोज डायरीत लिही. आणि कधी अचानक बोलावून राजीनाम्यावर सही मागितली तर तिथल्या तिथे करू नको, घरी नेऊन वाचते म्हणून सांग.

लालबागची_काकू:
बाळा, माझे वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी परत नीट चालू झालीच नाही. चाळीतले शेजारी महिनोन् महिने नजर चुकवून जायचे, काय बोलावं हे कोणाला कळायचं नाही. वडिलांना पैशापेक्षा ते जास्त लागलं होतं. म्हणून सांगते, त्या ताईला एक फोन कर. बिलांचं विचारायला नको, नुसती कशी आहेस म्हणून कर. तुझ्या मनात तिच्याबद्दल काहीतरी अडकलंय असं मला वाचताना वाटलं.

आणि रात्री झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल तर 14416 ला फोन लाव, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

कल्याणची_मी:
सगळ्यांचे खूप आभार. शीट केली, आठवड्याचे 71 तास भरले, मलाच बघून धक्का बसला. मॅनेजर आधी चिडले, मग शीट बघत बसले आणि सोमवारचे दोन रिपोर्ट पुढच्या महिन्यापर्यंत बंद केले. लगेच मेल टाकला. अप्रूव्हलच्या मेलला अजून उत्तर नाही, उद्या परत आठवण करते, तोपर्यंत बँक खातं बदलायची एकही रिक्वेस्ट वेंडरला जुन्या नंबरवर फोन केल्याशिवाय हलवत नाहीये.

काकू, ताईला फोन केला. ती म्हणाली ऑफिसमधून पहिलाच फोन तुझा. दोघी रडलो. तिचा बायोडाटा घेतलाय, माझा मावसभाऊ बीकेसीला आहे त्याला पाठवला, शुक्रवारी बोलावलंय तिला.