इटालियनमध्ये क्रियापद नक्की कुणाचं ऐकतं?

मिसळ_कट:
कोल्हापुरात बसून इटालियन शिकालोय. एवनची, म्हणजे पहिल्या पातळीची परीक्षा जवळ आली. निबंधात लिहिलं, 'येरी सोनो आन्दातो आल लागो', काल रंकाळ्यावर गेलो. मॅडमनी 'आन्दातो'चं 'आन्दाता' केलं. पुढं 'ओ मान्जातो ला मिसळ', म्हणजे मिसळ खाल्ली, असं होतं, त्याला हात पण लावला नाही. मिसळ स्त्रीलिंगी की! मग 'मान्जाता' का नको?

फौंड्रीवाला_शिरोली:
'शिकालोय' वाचून भावा म्हणणार होतो, पण 'आन्दाता' झालंय म्हणजे तू पोरगी. आपल्याकडं बायका पण 'आलो, गेलो'च म्हणतात, इटलीत चालत नाही. वर्तमानकाळात सुटतेस: 'वादो' म्हणजे जातो पण आणि जाते पण. भूतकाळात 'एस्सेरे'ची, म्हणजे 'असणं' या क्रियापदाची रूपं (सोनो, सेई, ए) आली की शेवटचा स्वर कर्त्याप्रमाणं. पोरगा आन्दातो, पोरगी आन्दाता, पोरं आन्दाती, पोरी आन्दाते. जाणं, येणं, राहणं, जन्मणं, मरणं, सगळ्यांना एस्सेरे. चालणं म्हणजे 'काम्मिनारे', त्याला मात्र 'आवेरे', म्हणजे 'जवळ असणं'; तुझं 'ओ' त्याचंच रूप. का ते विचारू नको, पाठ कर.

आवेरे असलं की कर्ता कुणी का असेना, 'मान्जातो'च. तुला खटकतंय कारण आपण वडा खाल्ला, मिसळ खाल्ली असं करतो. पण मिसळीऐवजी 'ला' हे सर्वनाम आधी आलं, की ते 'ओ'ला चिकटतं आणि होतं 'लो मान्जाता', ती खाल्ली. तिथं तुझा मराठी कान बरोबर.

पंचगंगा_घाट:
'पियाचेरे', म्हणजे आवडणं, ते पण बघून ठेव, परीक्षेत येतंच. 'मी पियाचे ला मिसळ' (हे 'मी' म्हणजे आपलं 'मला'), पण 'मी पियाच्चोनो इ लिब्री'. इंग्रजीतून विचार करणारी पोरं इथं अडकतात. 'मला पुस्तकं आवडतात' म्हणणाऱ्याला कसली अडचण? आणि 'ला जेन्ते' म्हणजे लोक, तरी एकवचन: 'ला जेन्ते पार्ला'. गर्दी बोलते, तसं.

मिसळ_कट:
भारी! एकच राहिलं. रंकाळ्यावर माझ्यासंगं भाऊ पण होता. मग 'आम्ही गेलो'ला 'सियामो आन्दाते' का 'आन्दाती'?

फौंड्रीवाला_शिरोली:
आन्दाती. दहा पोरींत एक पोरगा घुसला तरी पुल्लिंगीच. आपण 'ती दोघं गेली' म्हणून नपुंसकात ढकलून मोकळे होतो. इटालियनला नपुंसकलिंगच नाही, ढकलणार कुठं?