मदत हवी आहे : पावसाचं पाणी आणि खाडीतले प्लवक

नमस्कार मंडळी. आम्ही ऐरोलीत राहतो, मुलगी बारावीला आहे. पावसाच्या पाण्यामुळे समुद्रातले वनस्पती प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) वाढतात का, हा तिच्या प्रकल्पाचा विषय. (सुचवला मीच, आता निस्तरतोय.)

स्वच्छ पावसाचा पीएचही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. सोबत नायट्रेट, अमोनियम (दोन्ही नायट्रोजनचीच रूपं) येतं, आणि आम्लामुळे धुळीतलं लोह जास्त विरघळतं; प्लवकांना हे खतासारखंच. फॉस्फरस मात्र पावसात फारच कमी. प्लवकांना तर नायट्रोजनच्या साधारण १६ अणूंमागे फॉस्फरसचा १ अणू लागतो. इथवर समजलं.

खाडीचं पाणी फडक्यातून गाळून चार बरण्यांत भरलं. दोनमध्ये पावसाचं पाणी घातलं, दोनमध्ये तेवढंच डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे खारटपणा सगळीकडे सारखाच कमी होईल. आठ दिवसांनी पावसाच्या बरण्या छान हिरवट झाल्या! लेक खूश. मग बादलीकडे लक्ष गेलं. ती खिडकीच्या ग्रिलखाली ठेवलेली, तळाशी तांबूस गंजाचा थर. आता हे लोह आभाळातलं की आमच्या ग्रिलचं?

पुन्हा करायचंच आहे, यावेळी गच्चीवर प्लास्टिकच्या टबात पाणी धरू. पण खाडीच्या गाळात लोह मुळातच भरपूर, मग फरक दिसेल तो नायट्रोजनचाच ना? मत्स्यालयाच्या दुकानातलं नायट्रेट किट खाऱ्या पाण्याला चालतं का? आणि पहिल्या सरीचं पाणी वेगळं धरावं का? हवा धुऊन येते म्हणून विचारतोय. कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.