नुसत्या सरासरीवर जाऊ नका
काही जण म्हणतात की टीएसईएसवर (शिक्षकांची स्वक्षमता, म्हणजे आपण नीट शिकवू शकतो हा स्वतःवरचा विश्वास, मोजणारी प्रश्नावली) सरासरी ७ आली म्हणजे शिक्षकांची स्वक्षमता उत्तम, पण सोबत एसडी (स्कोअर सरासरीपासून किती पसरलेत ते सांगणारा आकडा) बघितल्याशिवाय असं म्हणता येत नाही हो. स्केल १ ते ९ चं आहे, एसडी ०.५ असेल तर बहुतेक सगळे सातच्या आसपास, पण २ असेल तर साधारण सहातला एक जण पाचच्याही खाली असू शकतो आणि ट्रेनिंगची खरी गरज त्यालाच. शिवाय वर्ग सांभाळणं, शिकवण्याच्या पद्धती, मुलांना गुंतवून ठेवणं या स्केलच्या तिन्ही भागांची सरासरी वेगळी द्या, एकत्र केली की कच्ची बाजू झाकली जाते. आणि स्कोअरचा दुसऱ्या कशाशी संबंध तपासताना पी (खरं तर संबंध नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका प्लीज, ४०० शिक्षक घेतले तर आर (संबंध किती घट्ट ते सांगणारा आकडा) ०.१० सुद्धा सिग्निफिकंट, म्हणजे पी ०.०५ च्या खाली, येतो, पण त्यातून स्कोअरमधल्या फरकापैकी जेमतेम १ टक्का उलगडला.